भिंतीवरचा सोमवार

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, आतल्या भिंतीवर, अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत लेख कोरलेला आहे. फारुकी घराण्यातला आदिलशहा, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकांतला राजा अली खान, याने ही मशीद बांधली. संस्कृत लेख सृष्टिकर्त्याला नमस्कार करून सुरू होतो. मग राजा मलिकपासूनची वंशावळ येते आणि शेवटी बांधकामाचा काळ. तिथे आले की मी दरवेळी थांबतो. विक्रम संवत १६४६, शक १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी २३ घटिका आणि पुढे एकादशी, सोमवार, कृत्तिका ३३ घटिका आणि पुढे रोहिणी. रात्रीच्या ११ घटिका सरलेल्या, कन्या लग्न. योग आणि करणही दिले आहे.

इतके तपशील लिहिण्यामागे मुहूर्ताची रीत होती हे उघड आहे. पण चारशे वर्षांनी वाचणाऱ्याला त्यांचा वेगळा उपयोग होतो. उत्तरेकडचा वाचक संवत धरून मोजतो, दक्षिणेकडचा शक धरून. शकात ७८ मिळवले की १५८९ येते, पण महिना पौष असल्यामुळे इसवी सन एकाने पुढे सरकलेला असतो. म्हणजे नुसते वर्ष उतरवून घेणाऱ्याची वर्षाची चूक होणार, आणि महिना पाहणारा वाचणार. तिथी, वार आणि नक्षत्र यांची गाठ घातली की जुन्या ज्युलियन गणनेतली ५ जानेवारी १५९० ही तारीख हाती येते, आणि त्या दिवशी खरोखरच सोमवार होता. युरोपात तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या ग्रेगोरियन गणनेत तोच सोमवार १५ जानेवारीला पडतो. उद्या दगडाचा टवका उडून शकाचा आकडा गेला तरी संवत उरेल. दोन्ही गेले तरी संवत्सराचे नाव, तिथी आणि वार यांवरून हिशेब मांडता येईल.

एकाच गोष्टीची नोंद अनेक थरांत करायची, प्रत्येक थर वेगळ्या वाचकासाठी ठेवायचा आणि सगळे थर एकमेकांना साक्ष देतील असे पाहायचे, हा या प्रकरणाचा विषय आहे. फक्त वस्तू आजची आहे: शाळेत शिकवायला वापरली जाणारी चित्रफीत, ध्वनिफीत, चित्र, प्रश्नसंच. अशा वस्तूविषयी लिहिलेल्या नोंदीला मेटाडेटा म्हणतात.

आता एक प्रसंग कल्पनेने उभा करू. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या शाहपूरच्या एका शिक्षिका मुलांना घेऊन कुंडी भंडारा पाहायला गेल्या आहेत. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या फार्सी भूजलतज्ज्ञाने शहरासाठी केलेली ही पाण्याची व्यवस्था. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे सरकते. वाटेत बोगद्याने ते अडवायचे आणि उताराच्या जोरावर शहरात आणायचे. बोगद्यावर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या, हवा आणि उजेड आत जावा म्हणून. शंभरावर कुंड्या, आणि पाणी चढवायला कुठलेही यंत्र नाही. बाई खाली उतरतात, हातातला फोन पाण्याजवळ नेतात आणि सहा मिनिटे मराठीत समजावून सांगतात. मागे मुलांचा आवाज, पाण्याची झुळझुळ, भिंतीवर साचलेला चुन्याचा पांढरा थर. फार चांगली फीत झाली आहे.

फोनने तिला नाव दिले आहे ‘व्हीआयडी’ आणि पुढे तारखेचे नि वेळेचे चौदा आकडे. बाईंनी ती शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. पंधरा जणांनी हात जोडले, आणि दोन दिवसांत शुभेच्छांच्या ढिगाखाली ती गाडली गेली. पंचवीस-तीस किलोमीटरवर, राज्याच्या सीमेपलीकडे महाराष्ट्रात, भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावरच्या रावेरला एक शिक्षक नेमके हेच शोधत आहेत: भूजल म्हणजे काय ते मराठीत दाखवणारी एखादी फीत. त्यांना ती कधीही सापडणार नाही. फितीत उणे काही नाही. तिच्यावर पत्ताच नाही.

पत्ता लिहायला बसलो की पहिल्याच ओळीला अडखळायला होते. शीर्षक काय द्यायचे? गावात ‘कुंडी भंडारा’ म्हणतात आणि ‘खूनी भंडारा’ही म्हणतात. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत ही जागा आली ती ‘खूनी भंडारा’ या नावाने. नदीला कुणी तापी म्हणेल, कुणी ताप्ती. शहराचे नाव मराठी पुस्तकांत बऱ्हाणपूर, बुऱ्हाणपूर, बुरहानपूर असे तीन तऱ्हांनी छापलेले मी स्वतः पाहिले आहे, आणि हिंदीत शेवटचा ‘पू’ ऱ्हस्व होतो. माणसाच्या डोळ्याला हे सगळे एकच. संगणकाच्या लेखी ही चार वेगळी गावे आहेत.

ग्रंथपालांनी यावर फार जुना तोडगा काढला आहे. एक नाव मुख्य धरायचे, बाकीची पर्यायी म्हणून त्याच्याशी बांधायची आणि सगळ्यांना मिळून एकच क्रमांक द्यायचा. नोंदीत तो क्रमांक असला की कोणत्याही नावाने शोधा, वस्तू एकच मिळते. हे किती गरजेचे आहे ते बुऱ्हाणपूरइतके चांगले क्वचितच कुठे दिसेल. रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या शिलालेखांची जिल्हावार वर्णनात्मक यादी प्रसिद्ध केली. त्या काळी बुऱ्हाणपूर निमाड जिल्ह्यात होते. पुढे ते पूर्व निमाड, म्हणजे खंडवा जिल्ह्यात राहिले, आणि १५ ऑगस्ट २००३ रोजी स्वतंत्र जिल्हा झाले. शिलालेख भिंतीवरून इंचभर हलला नाही. त्याचा जिल्हा मात्र बदलला. नोंदीत केवळ ‘जिल्हा निमाड’ असे शब्द असतील तर आजचा विद्यार्थी ‘बुऱ्हाणपूर जिल्हा’ असा शोध घेऊन रिकाम्या हाताने परततो.

शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा, स्थळ-काळ, हक्क: नोंदीचा हा सर्वांत खालचा थर. तो ठरवण्यासाठी मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ जमले. नाव ऐकून आयर्लंड डोळ्यांसमोर येते, पण हे डब्लिन वेगळे. तिथे १३ घटक ठरले, पुढे त्यांचे १५ झाले आणि ‘डब्लिन कोअर’ हे नाव जगभर रूढ झाले. या १५ घटकांचे मोठेपण त्यांच्या साधेपणात आहे. चित्र असो, पुस्तक असो, नकाशा असो, हे प्रश्न सगळ्यांना विचारता येतात. एकही घटक सक्तीचा नाही आणि कोणताही घटक हवा तितक्या वेळा लिहिता येतो. बाईंच्या फितीला दोन शीर्षके द्या, चार विषय द्या, चालते.

पण रावेरचे शिक्षक विचारतात ते वेगळेच. ही फीत कितवीच्या मुलांना झेपेल? तासिकेत बसेल का? मुलांनी नुसती पाहायची, की तिच्यात काही करायलाही सांगितले आहे? शिक्षकाने आधी पाहायची आहे की थेट वर्गात लावायची? या प्रश्नांना डब्लिन कोअरच्या मूळ १५ घटकांत जागा नाही. म्हणून दुसरा थर आला. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २००२ साली शैक्षणिक वस्तूंच्या नोंदीचे मानक प्रसिद्ध केले. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे, ‘लॉम’ म्हणून ओळखतात. त्यात नऊ गट आहेत: सर्वसाधारण माहिती, वस्तूचा जीवनक्रम, नोंदीविषयीची नोंद, तांत्रिक बाजू, शैक्षणिक बाजू, हक्क, इतर वस्तूंशी नाते, अभिप्राय आणि वर्गीकरण.

लॉमवर टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. घटक इतके की शाळेतला माणूस ते भरत नाही, आणि ‘काठिण्य’ किंवा ‘अर्थाची दाटी’ असे काही रकाने दोन माणसे कधीच सारखे भरणार नाहीत. तरी त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि बुऱ्हाणपूरसारख्या ठिकाणी तर ती हिऱ्याच्या मोलाची आहे. लॉम भाषा तीनदा विचारते. वस्तू कोणत्या भाषेत आहे? ती वापरणाऱ्या विद्यार्थ्याची भाषा कोणती? आणि ही नोंद कोणत्या भाषेत लिहिली आहे?

या जिल्ह्यात मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी बोलणारी घरे आहेत, डोंगराकडच्या गावांत कोरकू आणि बारेली आहे, आणि सीमेपलीकडे खानदेशात अहिराणी. बाईंची फीत मराठीत, समोर बसलेली काही मुले घरी कोरकू बोलणारी, आणि फीत जिथे ठेवायची त्या भांडारातली नोंद हिंदीत: ‘भाषा’ नावाचा एकच रकाना असेल तर यातले काय लिहायचे? बहुतेक वेळा अर्ज भरणाऱ्याच्या मनात येईल ते लिहिले जाते. मग कुणी ‘मराठी’ लिहितो, कुणी त्याचेच इंग्रजी, कुणी दोन अक्षरांचा आंतरराष्ट्रीय संकेत ‘एम-आर’, कुणी तीन अक्षरांचा ‘एम-ए-आर’. कोरकूलाही असा तीन अक्षरांचा संकेत आहे, निमाडीला आहे, अहिराणीला आहे. तो क्वचितच कुणी वापरताना दिसतो. एखाद्या भाषेत शिकवायचे साहित्य नाही असे आपण चटकन म्हणतो. काही वेळा साहित्य असते, त्याच्या नोंदीत त्या भाषेचे नाव नसते.

आता सगळ्यांत अवघड जागा: बोर्ड. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या दीक्षा या राष्ट्रीय मंचावर साहित्य शोधायचे तर बोर्ड, माध्यम, इयत्ता आणि विषय या चार दारांतून जावे लागते. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड फोनने टिपला की नेमक्या त्याच धड्याचे साहित्य उघडते. पुस्तकातल्या या चौकटींची वाट महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी दाखवली, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा ती जगाला कळली. धड्यापर्यंत थेट पोचवणारी ही सोय उत्तम आहे. पण हीच चार दारे नोंदीचा पाया झाली तर शाहपूरची फीत ‘मध्य प्रदेश बोर्ड’ या खोलीत राहते आणि रावेरचे शिक्षक ‘महाराष्ट्र बोर्ड’ या खोलीत शोधत बसतात. भूजलाला राज्याची हद्द ठाऊक नाही. केळीच्या बागांनाही नाही.

यावरचा उपाय २०११ साली सुरू झालेल्या ‘एलआरएमआय’ या प्रयत्नाने सुचवला आणि २०१३ साली तो संकेतस्थळांच्या सामाईक शब्दसंग्रहात, स्कीमा डॉट ऑर्गमध्ये, सामावला गेला. वस्तू अमुक बोर्डाची, असे लिहायचेच नाही. वस्तू एकटी ठेवायची आणि तिच्यापासून अभ्यासक्रमातल्या मुद्द्यांकडे दोरे सोडायचे. एक दोरा मध्य प्रदेशातल्या इतिहासाच्या धड्याकडे, दुसरा महाराष्ट्रातल्या भूगोलाच्या धड्याकडे, तिसरा शेतीच्या एखाद्या प्रमाणपत्र वर्गाकडे. अभ्यासक्रम बदलला तर दोरा सोडवून नवा बांधायचा, वस्तूच्या मूळ नोंदीला हात लावायचा नाही. माझे ठाम मत आहे की आपल्याकडच्या शालेय साहित्याच्या नोंदीत पहिली सुधारणा हीच व्हायला हवी. बोर्ड आणि इयत्ता हा वरचा, काढता-घालता येणारा थर असावा.

हक्कांचा थर छोटा असतो, पण तो रिकामा राहिला तर बाकी सगळे व्यर्थ. फीत कुणी वापरावी, बदलावी का, पुढे वाटावी का, हे एका ओळीत लिहिता येते. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये एनसीईआरटीने मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले. त्याचा तांत्रिक मंच मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात घडला होता, आणि नाव देऊन, त्याच अटीवर पुढे वाटण्याचा परवाना तिथे मूळ धरला गेला. तांत्रिक थर, म्हणजे फाइलचा प्रकार, आकार, कालावधी, यंत्र स्वतःच भरू शकते. माणसाने त्यात वेळ घालवू नये.

नोंदीविषयीची नोंद म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावे लागत नाही. सातबारा घ्या. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, कोणते हक्क, कोणता बोजा. नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक कोणते. एकाच जमिनीचे दोन थर, एका कागदावर. आणि नावाशेजारी असतो फेरफाराचा क्रमांक. तो धरून नमुना सहामध्ये गेलात की ते नाव कधी लागले, कशामुळे लागले, हे कळते. जुने नाव पुसत नाहीत, पूर्वी त्याला कंस करत. शैक्षणिक नोंदीलाही असा फेरफार हवा: ही नोंद कोणी केली, केव्हा केली, मग कोणी दुरुस्त केली. वय ‘११ ते १३’ असे लिहिणारी शिक्षिका रोज त्या वयाच्या मुलांसमोर उभी राहणारी आहे की दूरच्या कार्यालयात बसून अर्ज भरणारा कोणी, यावर त्या आकड्याचे वजन ठरते.

याच शेतजमिनीने नोंदींची देवाणघेवाणही समजते. रावेरहून बुऱ्हाणपूरला आलात की सातबारा संपतो आणि खसरा-खतौनी सुरू होते. तलाठ्याच्या जागी पटवारी, फेरफाराच्या जागी नामांतरण, तालुक्याच्या जागी तहसील. माती तीच, पीक तेच, रकाने निराळे. दोन्हीकडे जमीन असलेला माणूस मनातल्या मनात एक तक्ता बाळगतो: तिथला हा रकाना म्हणजे इथला तो. भांडारांमध्येही असाच तक्ता करावा लागतो. लॉममधले ‘शीर्षक’ डब्लिन कोअरच्या ‘शीर्षका’त सरळ बसते. लॉममधला ‘शिकायला लागणारा वेळ’ कुठे बसवायचा? साध्या डब्लिन कोअरमध्ये त्याला घर नाही. फार तर वर्णनाच्या परिच्छेदात एक वाक्य म्हणून तो टाकता येईल, पण मग ‘दहा मिनिटांत होणाऱ्या फिती दाखवा’ असा शोध घेता येणार नाही. थर उतरताना माहिती सांडते. वर परत चढताना सांडलेली माहिती आपोआप येत नाही.

म्हणून २००१ साली आलेल्या आणि २००२मध्ये दुसऱ्या आवृत्तीत स्थिरावलेल्या ‘ओएआय-पीएमएच’ या देवाणघेवाणीच्या नियमाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. प्रत्येक भांडाराने निदान साधी डब्लिन कोअर नोंद दिलीच पाहिजे, आणि शिवाय तीच वस्तू हव्या तितक्या समृद्ध स्वरूपांतही द्यावी. मागणारे भांडार आधी विचारते: तुझ्याकडे कोणकोणती स्वरूपे आहेत? मग झेपेल ते घेते. या घेण्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ पिकाची काढणी. दरवेळी सगळे शेत कापावे लागत नाही, अमुक तारखेनंतर बदललेलेच द्या असे सांगता येते. एखादी नोंद काढून टाकली असेल तर ‘काढली’ एवढी खूण ठेवायचीही सोय आहे, जुन्या सातबाऱ्यावरच्या कंसासारखी. वस्तू मूळ जागी राहते, प्रवास नोंदीचा होतो.

खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले आणि १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय याच तत्त्वावर चालते. शेकडो संस्थांची पुस्तके, प्रबंध, व्याख्याने ज्यांच्या त्यांच्याकडे आहेत, आणि वर्णने एका ठिकाणी शोधता येतात. त्यांच्यासमोर प्रश्न होता की शाळेची फीत आणि विद्यापीठाचा प्रबंध एकाच साच्यात कसे वर्णावेत. त्यांनी एकच साचा लादला नाही. डब्लिन कोअर, लॉम, एलआरएमआय, प्रबंधांसाठीचे घटक, असे एकावर एक थर ठेवून एक मोठे पाकीट केले.

एका गोष्टीचा मात्र कोणत्याही मानकात उपाय नाही. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ असली नोंद कितीही थरांची असली तरी उपयोगाची नाही. विषय ‘पर्यावरण’, वय ‘सर्व’, शब्दखुणा ‘शिक्षण, मराठी, व्हिडिओ’: अशी नोंद भरलेली दिसते आणि काहीच सांगत नाही. बाईंच्या फितीत चौथ्या मिनिटाला त्या कुंडीच्या तोंडाकडे कॅमेरा वळवतात, वरून पडणारा उजेडाचा गोल पाण्यावर दाखवतात आणि पाणी कोणत्या दिशेला वाहते ते पाण्यावर एक पान सोडून मुलांना ओळखायला सांगतात. भूजलाचा उतार शिकवण्यासाठी त्या फितीत हेच सोने आहे. ते यंत्राला सांगता येणार नाही आणि कार्यालयातल्या माणसाला माहीत नसेल. तिथे उभ्या असलेल्या बाईच ते लिहू शकतात: ‘मिनिट चार, पानाचा प्रयोग, प्रवाहाची दिशा.’

शाहपूर, नेपानगर, इच्छापूर, रावेर, मुक्ताईनगर इथल्या शिक्षक मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. येत्या सुट्टीत एक दुपार काढा. फोनमध्ये साठलेल्यांपैकी दहा फिती निवडा. प्रत्येकीसाठी वहीचे एक पान घ्या आणि लिहा: गावात चालतात ती सगळी नावे, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, फितीची भाषा, मुलांची भाषा, कोणत्या वयाला झेपली, वर्गात किती वेळ लागला, कोणत्या मिनिटाला काय आहे, कोणी कसे वापरावे, आणि शेवटी नोंद करणाऱ्याचे नाव. बोर्ड आणि इयत्ता पानाच्या तळाशी, पेन्सिलने.